स्वतःचीच भूमिका करणारी नौका

१८ डिसेंबर १९६१ रोजी दीवच्या किनाऱ्यासमोर भारतीय नौदलाची ‘दिल्ली’ ही क्रूझर उभी होती. गोमंतकाच्या मुक्तीसाठी निघालेल्या सैन्याची एक तुकडी त्या दिवशी दीववर चालून गेली होती, आणि पोर्तुगीजांनी १५३५ पासून बांधीत आणलेल्या तेथील जुन्या दुर्गावर ‘दिल्ली’ने आपल्या सहा इंची तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी दीव शरण आले. मुरगांवच्या बंदरात ‘बेतवा’ व ‘बियास’ या नौकांनी ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशी दिलेली झुंज, अंजदीवच्या बेटावर कामास आलेले सात नौसैनिक, यांची आठवण गोमंतकात अजूनही निघते. दीवसमोरच्या ‘दिल्ली’चा उल्लेख त्या मानाने कमीच होतो. आणि त्याहूनही कमी लोकांच्या ध्यानात असेल ती गोष्ट अशी, की याच नौकेने सहा वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रात एक लुटुपुटीची लढाई केली होती. आणि ती लुटुपुटीची लढाई ज्या खऱ्या लढाईची नक्कल होती, त्या खऱ्या लढाईतही हीच नौका होती.

मात्र तेव्हा तिचे नाव ‘दिल्ली’ नव्हते, ‘अकिलीस’ होते. लढाई होती ती दक्षिण अटलांटिकमधील प्लेट नदीच्या मुखाजवळची, १३ डिसेंबर १९३९ ची. आणि नक्कल होती ती ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या इंग्रजी बोलपटातली. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीने काढलेला हा भव्य रंगीत बोलपट १९५६ च्या अखेरीस लंडनमध्ये प्रकाशात आला. तो कसा घडला, त्यात खरे किती व सोंग किती, आणि आपल्याशी त्याचा ऋणानुबंध कोणता, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ घटना थोडक्यात सांगितली पाहिजे. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वेळी ‘ॲडमिरल ग्राफ श्पे’ ही जर्मन युद्धनौका आधीच अटलांटिकमध्ये येऊन दडली होती. तिच्यावर अकरा इंची सहा तोफा होत्या. तिच्यापेक्षा वेगवान नौका तिच्याइतक्या बळकट नव्हत्या आणि तिच्यापेक्षा बळकट नौकांपैकी फारच थोड्या तिला गाठू शकत होत्या, अशा बेताने ती बांधलेली होती. तिचे काम एकच: ब्रिटनकडे माल घेऊन जाणारी व्यापारी जहाजे अडवायची, बुडवायची आणि नाहीसे व्हायचे. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तिने अशी नऊ जहाजे बुडविली. परंतु तिचा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ हा जुन्या रीतीचा दर्यावर्दी होता. जहाज बुडविण्यापूर्वी तो त्यावरील माणसे उतरवून घेई. नऊ जहाजे तळाशी गेली, पण त्यांवरील एकही खलाशी त्याच्या हातून मेला नाही. युद्धाच्या इतिहासात असा हिशेब क्वचितच आढळतो.

त्याच्या शोधात निघालेल्या अनेक ब्रिटिश पथकांपैकी एकाचा प्रमुख कमोडोर हेन्री हारवूड हा होता. बुडत्या ‘डोरिक स्टार’ जहाजाने पाठविलेल्या बिनतारी संदेशावरून त्याने अटकळ बांधली, की हा शिकारी आता प्लेट नदीच्या मुखाकडे, धान्य व मांस घेऊन निघणाऱ्या जहाजांच्या वाटेवर येईल; आणि आपल्या तीन क्रूझर त्याने तेथे नेऊन ठेविल्या. ‘एक्झेटर’वर आठ इंची सहा तोफा होत्या, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ यांवर सहा इंची आठ-आठ. १३ डिसेंबरच्या सकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावर धूर दिसला. सुमारे दीड तासाच्या त्या झुंजीत ‘एक्झेटर’ जवळजवळ निकामी झाली. तिची ६१ माणसे मेली. ‘एजॅक्स’वर ७ आणि ‘अकिलीस’वर ४ माणसे पडली. ‘अकिलीस’च्या जवळ फुटलेल्या गोळ्याच्या ठिकऱ्यांनी तोफांचा नेम नियंत्रित करणाऱ्या मनोऱ्यात हे चौघे ठार झाले, आणि कप्तान विल्यम एडवर्ड पॅरी याच्या पायांना जखमा झाल्या. ‘ग्राफ श्पे’वरही ३६ जण मृत्युमुखी पडले, आणि ती नौका दुरुस्तीसाठी उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ बंदरात शिरली.

पुढचे चार दिवस ही लढाई तोफांची न राहता मुत्सद्द्यांची, वार्ताहरांची आणि अफवांची झाली. उरुग्वे तटस्थ होता. त्याने ७२ तासांची मुदत दिली. बाहेर वस्तुतः दोन जखमी क्रूझर आणि मागाहून येऊन पोचलेली ‘कंबरलंड’ एवढेच बळ उभे होते. पण मोठा ब्रिटिश ताफा येऊन ठेपला आहे, अशी हूल इंग्रजांनी उठविली आणि ती लागू पडली. १७ डिसेंबरच्या संध्याकाळी हजारो लोक किनाऱ्यावर दाटीवाटीने उभे असता ‘ग्राफ श्पे’ बंदराबाहेर पडली, आणि तिच्या कप्तानाने तिला स्वतःच सुरुंग लावून बुडविले. हजाराहून अधिक खलाशांचे प्राण त्याने वाचविले. तीन दिवसांनी ब्वेनोस आयरेस येथे त्याने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले.

या घटनेवर बोलपट काढण्याची कल्पना सुचली ती मोठ्या योगायोगाने. १९५४ मध्ये पॉवेल आणि प्रेसबर्गर यांना अर्जेंटिनातील एका चित्रपट महोत्सवाचे निमंत्रण आले. इतका लांबचा प्रवास केवळ मिरवण्यासाठी करणे त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा त्या प्रवासातच एखाद्या नव्या चित्रपटाचे साहित्य गोळा करावे, असे त्यांनी ठरविले. प्लेट नदीच्या काठी गेल्यावर ‘ग्राफ श्पे’ची आठवण होणे क्रमप्राप्तच होते. परंतु लढाईची हकीकत म्हणजे कथा नव्हे. कोणती नौका कोणत्या दिशेस वळली आणि कोणत्या तोफेचा गोळा कोठे पडला, याची टिपणे नौदलाच्या दप्तरात भरपूर होती. त्यांत माणूस नव्हता. तो माणूस प्रेसबर्गरला एका लहानशा पुस्तकात सापडला. मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ बुडविलेल्या ‘आफ्रिका शेल’ या जहाजाचा कप्तान पॅट्रिक डव्ह हा लढाईच्या वेळी ‘ग्राफ श्पे’वरच कैदी होता. आपल्या बंदिवासाची जी हकीकत त्याने लिहून ठेविली, तीत कैदी कप्तान आणि त्याला कैद करणारा कप्तान यांच्यात हळूहळू वाढलेला आदर होता. चित्रपटाला येथे कणा मिळाला.

या ठिकाणी प्रेसबर्गरविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तो जन्माने हंगेरीचा ज्यू. बर्लिनच्या चित्रसृष्टीत नाव मिळवीत असतानाच हिटलरचे राज्य आले आणि त्याला देश सोडावा लागला. त्याची आई आउशवित्सच्या छळछावणीत मेली. अशा मनुष्याने जर्मन आरमारी अधिकाऱ्याचे चित्र रंगवायला घ्यावे आणि त्यात द्वेषाचा एकही थेंब पडू देऊ नये, ही सामान्य गोष्ट नव्हे. नात्सी राजवटीला त्याने क्षमा केली असे नाही. पण राजवट आणि माणूस यांतील भेद त्याने सोडला नाही. १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ‘कर्नल ब्लिम्प’ या चित्रपटात याच जोडीने एक सुशील जर्मन अधिकारी दाखविला होता आणि त्यापायी चर्चिलची नाराजी ओढवून घेतली होती. लांग्सडॉर्फच्या रूपाने तीच भूमिका त्यांनी पुन्हा मांडली. ते काम पीटर फिंच या नटाने केले. कप्तान डव्हचे बर्नार्ड ली याने आणि कमोडोर हारवूडचे अँथनी क्वेल याने.

परंतु नट मिळविणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग होता. खरा प्रश्न नौकांचा होता. समुद्रावरचा चित्रपट हे कोणत्याही निर्मात्याला दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर नेणारे साहस असते. ऊन, वारा, लाटा यांपैकी कोणीही दिग्दर्शकाचे ऐकत नाही. सकाळी घेतलेल्या दृश्यातले पाणी निळे, तर दुपारच्या दृश्यातले करडे. म्हणूनच चित्रपट-गृहातील हौदात लाकडी प्रतिकृती तरंगवून लढाया उरकण्याची रीत जगभर रूढ झाली होती. पॉवेलला ते नको होते. त्याला खऱ्या समुद्रावर, खऱ्या वेगाने धावणाऱ्या खऱ्या क्रूझर पाहिजे होत्या. एक क्रूझर म्हणजे शेकडो माणसांचे तरंगते गाव. तिच्या एका दिवसाच्या इंधनाचा खर्चसुद्धा कोणत्याही चित्रसंस्थेच्या आवाक्यापलीकडचा. सारांश, असा चित्रपट पैशाने होत नाही. तो सरकारांच्या मर्जीने होतो. ब्रिटिश नौदल, अमेरिकन नौदल आणि भारतीय नौदल या तिघांनीही आपापल्या नौका पुढे केल्या, म्हणूनच हा चित्रपट शक्य झाला. निर्मात्याच्या जमाखर्चात जी रक्कम दिसली असेल, तीवरून या चित्रपटाचे खरे मोल ठरविता येणार नाही. त्याचा मोठा भाग तीन देशांच्या आरमारांच्या खात्यांवर पडलेला होता.

आता नाटकातल्या पात्रांप्रमाणे नौकांच्या भूमिका वाटून द्यावयाच्या होत्या. मूळ लढाईतल्या चार नौकांपैकी ‘ग्राफ श्पे’ प्लेट नदीच्या गाळात रुतून पडली होती. ‘एक्झेटर’ला जपान्यांनी १ मार्च १९४२ रोजी जावाच्या समुद्रात बुडविले होते. ‘एजॅक्स’ १९४९ मध्ये मोडीत निघाली होती. चौघींपैकी एकटी ‘अकिलीस’ हयात होती, आणि तीही आता इंग्रजांची राहिली नव्हती.

‘एजॅक्स’चे सोंग ‘शेफील्ड’ने घेतले आणि ‘एक्झेटर’चे ‘जमैका’ने. या दोघीही युद्धात तावून सुलाखून निघालेल्या. १९४३ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी उत्तर ध्रुवाजवळच्या काळोखात ‘शार्नहोर्स्ट’ या जर्मन नौकेचा शेवट झाला, त्या मोहिमेत दोघींचाही भाग होता. ‘कंबरलंड’ अजून नौदलात होती; तिने स्वतःचेच काम केले. बारकाईने पाहणाऱ्यास या सोंगांतील उणिवा दिसतात. ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ या मुळात सख्ख्या बहिणी, एकाच घडणीच्या, एकेका धुराड्याच्या. चित्रपटात मात्र ‘एजॅक्स’ला दोन धुराडी आहेत आणि ‘अकिलीस’ला एक. पण प्रेक्षक धुराडी मोजीत बसत नाही, हे दिग्दर्शकाला ठाऊक होते.

‘ग्राफ श्पे’चा प्रश्न याहून अवघड. तशी एकही जर्मन नौका उरलेली नव्हती. अखेर अमेरिकेच्या सहाव्या आरमाराची ध्वजनौका ‘सालेम’ मिळाली. ती आकाराने मूळ नौकेपेक्षा शंभर फुटांनी लांब. मूळ नौकेवर तोफांचे दोन बुरूज, तर हिच्यावर तीन. आणि तिच्या नाळेवर १३९ हा अमेरिकन क्रमांक ठळक रंगविलेला. तो पुसण्याची परवानगी नव्हती. तेव्हा प्रेसबर्गरने एक नामी युक्ती केली. कप्तान डव्ह प्रथम नौकेवर येतो तेव्हा त्याला सांगण्यात येते, की ही नौका शत्रूला चकविण्यासाठी वेष पालटत असते आणि सध्या ती अमेरिकन नौकेच्या वेषात आहे. ऐकणाऱ्याला ही शुद्ध पळवाट वाटेल. पण गंमत अशी, की खुद्द इतिहासानेच ती पुरविली होती. खऱ्या लांग्सडॉर्फने आपल्या नौकेवर लाकूड आणि किंतान यांचा एक खोटा बुरूज आणि खोटे धुराडे उभारून शत्रूची दिशाभूल केली होती. चित्रपटाचे असत्य अशा रीतीने इतिहासातल्या असत्याच्या आधाराने उभे राहिले. आणि ते लपवून न ठेवता प्रेक्षकाला आरंभीच उघड सांगून टाकल्यामुळे त्याचा सल राहिला नाही.

आता ‘दिल्ली’कडे वळू. इंग्लंडमधील बर्कनहेड येथे बांधलेली ‘अकिलीस’ १९३२ मध्ये पाण्यात उतरली. पुढे ती न्यूझीलंडच्या आरमारी विभागात गेली, आणि प्लेटच्या लढाईच्या वेळी तिच्यावरील निम्म्याहून अधिक माणसे न्यूझीलंडची होती. त्या चिमुकल्या देशाच्या आरमारी इतिहासात या नौकेला मानाचे स्थान आहे. १९४८ च्या जुलैमध्ये ती भारताने विकत घेतली, तिचे नाव ‘दिल्ली’ ठेविले, आणि त्याच वर्षी ती मुंबईस आली. स्वतंत्र भारताची ती पहिली क्रूझर आणि आरमाराची ध्वजनौका. १९५० च्या जूनमध्ये पंडित नेहरू इंडोनेशियाच्या भेटीस गेले ते याच नौकेतून. १९५३ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणानिमित्त स्पिटहेड येथे झालेल्या आरमारी संचलनात भारताच्या वतीने हीच उभी राहिली.

आणि एक योग तर असा, की कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण तो अतिरंजित म्हणून बाजूला सारला असता. १९४८ च्या ऑगस्टमध्ये भारतीय नौदलाचे प्रमुख म्हणून जे ॲडमिरल आले, ते विल्यम एडवर्ड पॅरी. प्लेटच्या लढाईत पायांना जखमा झाल्या असतानाही ‘अकिलीस’च्या पुलावर उभे असलेले तेच कप्तान पॅरी. ज्या नौकेवर त्यांचे रक्त सांडले, तीच आता नव्या नावाने व नव्या निशाणाखाली त्यांच्या अधिकारात आली. १९५१ पर्यंत ते त्या पदावर होते. चित्रपटात त्यांची भूमिका जॅक ग्विलिम या नटाने केली आहे.

तेव्हा १९५५ मध्ये माल्टाजवळच्या पाण्यात चित्रीकरणाचा संच जमला, तेव्हा त्यातील एकाच नौकेला प्लेटच्या लढाईची खरी आठवण होती, आणि तिच्यावर भारताचे निशाण होते. पुलावर कॅमेऱ्यासमोर इंग्रज नट बोलत होते. पण सुकाणू, बाष्पके, तोफा यांवरचे हात भारतीय नौसैनिकांचे होते. कोंकणच्या किनाऱ्यावरील कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या नौदलात आणि व्यापारी जहाजांवर माणसे गेलेली आहेत. पडद्यावर ती माणसे दिसावयाची नव्हती. नौका न्यूझीलंडची म्हणून दाखवावयाची होती आणि प्रेक्षकानेही तसेच मानावयाचे होते. नटाने आपले नाव-गाव विसरून दुसऱ्याची भूमिका करावी, तशी ‘दिल्ली’ने आपले वर्तमान बाजूस ठेवून आपल्याच भूतकाळाची भूमिका केली.

पण स्वतःची भूमिका करणारेही कधी जसेच्या तसे राहिलेले नसतात. १९३९ मध्ये तिच्यावर तोफांचे चार बुरूज होते. १९४३ च्या जानेवारीत ग्वाडलकनालजवळ जपानी विमानाचा बाँब त्यांतील एका बुरुजावर पडला, १३ माणसे मेली, आणि तो बुरूज काढून टाकण्यात आला. म्हणून चित्रपटात जी ‘अकिलीस’ दिसते, तिच्यावर तीनच बुरूज आहेत. १९३९ च्या पहाटेला ती सोळा वर्षांनंतरच्या व्रणांसह सामोरी जाते. इतिहासाचा काटेकोर अभ्यासक याला चूक म्हणेल, आणि ती चूक आहेच. परंतु साक्षीदार म्हातारा होऊन न्यायालयात येतो म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाही.

चित्रीकरणासाठी व्हिस्टाव्हिजन ही त्या काळची अगदी नवी पद्धत वापरली होती. नेहमीच्या कॅमेऱ्यात फिल्म वरून खाली धावते. या कॅमेऱ्यात ती आडवी धावते, त्यामुळे प्रत्येक चित्राची चौकट मोठी होते आणि दूरवरचे क्षितिजसुद्धा रेखीव उमटते. छायालेखक ख्रिस्तोफर चॅलिस याने समुद्राचे जे रंग टिपले आहेत, ते पाहताना या खर्चाची सार्थकता पटते. क्रूझर कलंडत वळतात, नाळ पाणी दुभंगून पुढे सरते, तोफांच्या तोंडांतून धूर निघतो आणि वाऱ्याने मागे ओढला जातो. या सर्वांत एक जडत्व आहे, आणि ते कोणत्याही हौदातल्या प्रतिकृतीला आणता येत नाही. मॉन्टेव्हिडिओची दृश्ये त्या शहरात जाऊन, तेथील हजारो नागरिकांना बंदरावर उभे करून घेतली. त्यांपैकी कित्येकांनी सोळा वर्षांपूर्वी तोच देखावा प्रत्यक्ष पाहिला असला पाहिजे. ज्या नौकेकडे ते पाहत आहेत असे आपल्याला वाटते, ती मात्र तेथे नव्हतीच. ती माल्टाच्या बंदरात नांगरलेली होती. दोन खंडांत घेतलेली चित्रे कात्रीने जोडून एक संध्याकाळ तयार झाली. ‘ग्राफ श्पे’चा शेवटचा स्फोट तेवढा पाइनवुडच्या हौदात, प्रतिकृतीवर करावा लागला. अमेरिकन नौदलाची उदारता तेथपर्यंत पोचणे शक्यच नव्हते!

लढाईच्या चित्रणात पॉवेलने एक निर्णय घेतला, तो विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. झुंज सुरू झाल्यावर तो आपल्याला जर्मन नौकेच्या पुलावर नेत नाही. शत्रू दिसतो तो क्षितिजावरच्या ठिपक्यासारखा, किंवा ऐकू येतो तो कैद्यांच्या कोठडीतून. लोखंडी दारामागे कोंडलेले ब्रिटिश खलाशी आपल्याच नौकांचे गोळे आदळण्याची वाट पाहत बसले आहेत. गोळा लागला तर आपण मरू आणि न लागला तर आपले लोक हरतील, अशा पेचात सापडले आहेत. आरमारी लढाईतला माणूस बहुधा शत्रूला पाहतच नाही. तो धूर पाहतो, आकडे ऐकतो आणि धक्के सोसतो. हे सत्य भव्य चित्रपटांत सहसा हरवते. येथे इतक्या नौका हाताशी असूनही दिग्दर्शकाने ते हरवू दिले नाही. शेवटीही विजयाचा जल्लोष नाही. नौका गमावलेला लांग्सडॉर्फ खिन्न उभा आहे आणि कप्तान डव्ह त्याला भेटावयास येतो, एवढेच. त्याच्या आत्महत्येचे दृश्य चित्रपटात नाही.

या चित्रपटाचा राजदरबारी प्रयोग २९ ऑक्टोबर १९५६ रोजी लंडनच्या एम्पायर चित्रगृहात राणी एलिझाबेथच्या उपस्थितीत झाला. मेरिलिन मन्रो या अमेरिकन नटीला राणीसमोर सादर करण्यात आले ते याच समारंभात, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना चित्रपटापेक्षा त्याच भेटीचे अप्रूप अधिक वाटले. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडत होती. इस्रायलचे सैन्य सिनाईत शिरले होते. आठवड्याच्या आतच ब्रिटन व फ्रान्स यांनी सुवेझच्या कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला चढविला, आणि त्या मोहिमेत ‘जमैका’ ही नौका होती. चित्रपटात ‘एक्झेटर’ होऊन जखमी झालेली नौका पोर्ट सैदच्या किनाऱ्यासमोर खऱ्या युद्धात उभी राहिली. भारताने त्या आक्रमणाचा निषेध केला. वर्षभरापूर्वी भूमध्य समुद्रात ‘दिल्ली’ आणि ‘जमैका’ एकाच बाजूने लढल्या होत्या, परंतु ते नाटकात. जगाच्या रंगभूमीवर त्यांच्या मालकांच्या वाटा आता वेगळ्या झाल्या होत्या.

त्यानंतर पाच वर्षांनी ‘दिल्ली’ दीवसमोर उभी राहिली. एका नौकेच्या आयुष्याचा हा क्रम विलक्षण आहे: साम्राज्याची नौका म्हणून खरी लढाई, स्वतंत्र भारताची नौका म्हणून त्या लढाईचे नाटक, आणि नंतर भारतभूमीवरची अखेरची परकी सत्ता उठविण्यासाठी पुन्हा खऱ्या तोफा. १९६९ मध्ये ती न्यूझीलंडच्या भेटीस गेली, आणि तिच्यावर तरुणपणी काम केलेल्या तेथील वृद्धांना तिचे अखेरचे दर्शन झाले. १९७८ च्या जून महिन्यात तिला निवृत्त करण्यात आले आणि मुंबईस ती मोडून टाकण्यात आली. मोडण्यापूर्वी तिचा एक तोफ-बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडमधील डेव्हनपोर्ट येथील आरमारी तळाच्या प्रवेशद्वाराशी तो मानाने उभा करण्यात आला.

इतर नौकांचे काय झाले? ‘कंबरलंड’, ‘जमैका’ आणि ‘शेफील्ड’ या तिन्ही एकामागून एक मोडीत निघाल्या. खुद्द ‘ग्राफ श्पे’च्या अवशेषांतून २००६ मध्ये तिच्या मागच्या भागावरील कांस्याचा गरुड वर काढण्यात आला. आणि ज्या ‘सालेम’ने ‘ग्राफ श्पे’चे सोंग घेतले होते, ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे, जेथे ती बांधली गेली त्याच गावी, संग्रहालय होऊन राहिली. आपल्या कप्तानाच्या हातून जिला जलसमाधी मिळाली तिची भूमिका करणारी नौका वाचली. बाकी साऱ्या गेल्या.

आपल्याला दुर्ग जपण्याची हौस आहे आणि ती योग्यच आहे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, कुलाबा यांच्या तटांवर उभे राहून आपण शिवछत्रपतींच्या आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे गुणगान करतो. पण त्या आरमाराची एकही गुराब, एकही गलबत आज डोळ्यांनी पाहावयास मिळत नाही. लाकूड कुजले, नावे राहिली. नौका हे मुळी अल्पायुषी वैभव आहे. ती जपावयाची तर पुष्कळ पैसा आणि त्याहून पुष्कळ इच्छा लागते. मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत गोमंतकाच्या समुद्रात असलेली ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये तीही मोडीत निघाली. लाकडी नौका कुजल्या हा काळाचा दोष होता. लोखंडी नौकांच्या बाबतीत काळाकडे बोट दाखविता येणार नाही.

म्हणून हा जुना इंग्रजी बोलपट गोमंतकातील आणि महाराष्ट्रातील वाचकाने एकदा अवश्य पाहावा, असे वाटते. इंग्रजांच्या विजयासाठी नव्हे, आणि पॉवेलच्या कसबासाठीही केवळ नव्हे. कथेच्या मध्यावर, पहाटेच्या करड्या उजेडात, एका धुराड्याची आणि तीन बुरुजांची एक क्रूझर पूर्ण वेगाने वळण घेते. तिच्या तोफा धडाडतात, पाण्याचे स्तंभ तिच्या दोन्ही बाजूंना उसळतात आणि ती त्यांतून बाहेर पडते. पात्रे तिला ‘अकिलीस’ म्हणतात. आपण तिला तिच्या दुसऱ्या नावाने ओळखावे. दीवच्या दुर्गासमोर पुढे ज्या तोफा बोलल्या त्या याच, आणि त्या बोलताना पाहावयाच्या असतील तर आता या पडद्याखेरीज दुसरी जागा शोधणे कठीण आहे.